नाकाची खीळ

ग्लेनिस प्रोबर्ट हॅलोवेच्या शेडमध्ये पहिल्यांदा आली ती मार्चमधल्या एका मंगळवारी, आणि मे उजाडेपर्यंत डेन्झिल हॉकेडेला तिच्या बुटांचा आवाजसुद्धा सहन होईनासा झाला. बाई सदुसष्ट वर्षांची, सेव्हर्न नदीपलीकडची, वेल्सची. उभा जन्म तिने गाईंची धार काढायची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवलेला. विमानाशी संबंध म्हणाल तर दोनदा सुट्टीला स्पेनला जाऊन आली होती, तेवढाच. आणि आता कॉन्कॉर्डच्या पोटाखाली उभी राहून मंगळवारची मंडळी एकमेकांना विचारत होती, "ग्लेनिसला विचारलंत का?"

मंगळवारची मंडळी म्हणजे अकरा पेन्शनर. दर मंगळवारी डबे घेऊन यायचे आणि विमानाची देखभाल करायचे. ओल शोषणाऱ्या यंत्रांच्या बादल्या ओतायच्या, अंगावरची धूळ पुसायची, टायर एका जागी बसून चपटे होऊ नयेत म्हणून चाकं वीतभर फिरवायची. पगार नाही, चहा मात्र भरपूर. त्यांचा म्होरक्या बार्टलेट, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. पण विमानाबद्दल काही अडलं की सगळ्यांच्या माना वळायच्या त्या डेन्झिलकडे. निदान मार्चपर्यंत तरी वळायच्या.

कारण या एका विमानाच्या सेवेत डेन्झिलनं बावीस वर्षं काढली होती. ते आवाजाच्या दुप्पट वेगानं अटलांटिक ओलांडायचं तेव्हा त्याच्या नळ्यांतून वाहणारं तेल डेन्झिलच्या हातचं असायचं. पुढे सगळीच कॉन्कॉर्ड जमिनीवर आली. कोणी या संग्रहालयात गेलं, कोणी त्या. हे एक ब्रिस्टलजवळ हॅलोवेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं, आणि नव्या नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा डेन्झिलही त्याच्या मागोमाग आला. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाक खाली होतं का हो?" कॉन्कॉर्डचं नाक लांब आणि टोकदार, उतरताना वैमानिकाला त्याच्यावरून धावपट्टी दिसायची नाही, म्हणून ते मानेपाशी दुमडून खाली वाकायचं. जगात त्याच्या वेगाइतकंच नाव झालं ते त्या वाकण्याचं. डेन्झिल मान हलवायचा. "नाही हो. नाक उचलणारे तेलाचे जॅक गेले, नळ्या वाळल्या. शेवटचं वर केलं तेव्हा खाली मी उभा होतो. आता ते तसंच राहणार." माणसं एकदम गप्प व्हायची, एखादी बाई त्याच्या दंडाला हळूच हात लावायची. त्या शांततेवर डेन्झिलचा आठवडा निघायचा.

आणि ते साफ खोटं होतं. नाक हलत नव्हतं, कारण डेन्झिलनंच ते अडकवून ठेवलं होतं.

विमान कामावर असताना खिळीचा एक रिवाज होता. दुरुस्तीला उभं केलं की नाकाच्या सांध्यात हातभर लांबीची पोलादी खीळ घालायची, म्हणजे चुकून नाक खाली येऊन कोणाचं डोकं फुटायला नको. नाक हलवायच्या आधी बाहेरच्या माणसानं ती खीळ काढायची, विमानासमोर जाऊन उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरायची. वर बसलेल्या वैमानिकाला तिची लाल फीत दिसली की तो अंगठा उचलणार. तोवर नाकाच्या दांड्याला कोणी बोट लावायचं नाही. बावीस वर्षांत डेन्झिलनं ती खीळ किती वेळा डोक्यावर धरली असेल याची गणती नव्हती, आणि एकदाही त्याची चूक झाली नव्हती.

विमान हॅलोवेला आलं त्याच आठवड्यात कंपनीची माणसं तेल काढून न्यायला आली. ती जेवायला गेली असताना डेन्झिल शिडीवर चढला. सांध्यात खीळ घातली, तिची लाल फीत कापून खिशात टाकली, वरचं झाकण लावलं, स्क्रूंवर पांढरा रंग फासला. विमानाच्या भल्यासाठी वगैरे काही नाही. पुढेमागे कोणी उपटसुंभ रविवारी येईल, हातात चिप्सचा पुडा घेऊन हसत हसत तिचं, त्याच्या कॉन्कॉर्डचं, नाक वरखाली करील, हे चित्र त्याला बघवत नव्हतं. मी नाही तर कोणीच नाही. इतकी साधी आणि इतकी हलकट गोष्ट होती ती, आणि सोळा वर्षांत त्याला एक दिवसही तिची लाज वाटली नव्हती.

ग्लेनिसनं आल्या आल्या नाकालाच हात घातला.

"जॅक गेले म्हणजे नेमकं काय झालं?" तिसऱ्याच मंगळवारी तिनं विचारलं.

"गेले म्हणजे गेले. सील वाळून खडखडीत झाली. ती बनवणारा कारखानासुद्धा उरला नाही."

"अरे, सील म्हणजे शेवटी गोल रबरच ना? आमच्या हेरफर्डला एक जण नांगराच्या जॅकची करून देतो. त्याच्याकडून घेऊ."

"नांगराची!" डेन्झिल म्हणाला. "हे विमान आहे, ग्लेनिस. गाय नाही."

"गाय असती तर एव्हाना लाथ मारली असती तिनं तुम्हा सगळ्यांना. सोळा वर्षं नुसतं अंग पुसताय."

मंडळी खो खो हसली. बार्टलेटच्या तर डोळ्यांत पाणी आलं. डेन्झिलनं चहाचा मग खाली ठेवला आणि बादल्या ओतायला निघून गेला. त्या दिवशी बादल्या ओतायची पाळी त्याची नव्हती.

हेरफर्डची सील आली आणि बसली. मग तेल आलं. मग बाईनं कुठल्याशा बंद पडलेल्या दुग्धालयातून एक पंप आणला, तो चार मंगळवार उघडा करून ठेवला आणि पाचव्या मंगळवारी चालू करून दाखवला. डेन्झिल प्रत्येक वेळी म्हणायचा, हे चालणार नाही, आणि ते चालायचं. वर ती घरून येताना चरबी आणि साखर घातलेला केक आणायची, अजून कोमट असलेला. पूर्वी मंडळी जेवताना डेन्झिलच्या भोवती खुर्च्या ओढायची, न्यूयॉर्कच्या गोष्टी ऐकायची. आता खुर्च्या पंपाभोवती लागत. एका सकाळी त्याच्या खुंटीवर तिचं जाकीट दिसलं. त्यानं ते काढून शेजारच्या खुंटीवर टांगलं, मग शेजारच्या खुंटीवरून काढून जमिनीवर टाकलं, आणि कोणीतरी येतंय असं वाटताच उचलून झटकून पुन्हा आपल्याच खुंटीवर लावलं.

जूनमध्ये ग्लेनिसनं सरळच विचारलं. "डेन्झिल, नाकाला अडकण असेल ना एखादी? आमच्या ट्रॅक्टरच्या उचलदांड्याला असते. दुरुस्ती चालू असताना घालायची."

शेडमध्ये दोघंच होती. खरं सांगायचं तर तीच वेळ होती.

"खिळी होत्या," तो म्हणाला. "कंपनीनं सगळ्या नेल्या. जाताना माझ्यासमोर मोजून नेल्या."

"नक्की?"

"माझ्या विमानाबद्दल मला विचारतेस, नक्की का म्हणून?"

"बरं बाबा. विचारलं." ती पुन्हा पंपात डोकं घालून बसली. तिनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, कारण मंडळीत सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं की डेन्झिल म्हणेल ती पूर्व. त्याला वाटलं होतं, खोटं पचलं की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

घरी मेव्हिस, त्याची बायको, वाटाणे सोलत बसली होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "आज काय केलं त्या गवळणीनं?"

"काही नाही. करणार काय? फुशारकी मारते. नांगराची सील लावून कॉन्कॉर्ड दुरुस्त करणार."

"दुरुस्त होतंय ना पण?"

"तो मुद्दा नाही."

"पोटात दुखतंय तुझ्या."

"माझ्या? त्या धार काढणारीवरून?"

"तिच्यावरून नाही रे, विमानावरून." मेव्हिसनं एक वाटाणा तोंडात टाकला. "वेस्टनच्या नाचाला तो बेकरीवाला तीनदा माझ्याबरोबर नाचला. लागोपाठ तीनदा. तू काय करत होतास? आइस्क्रीम खात होतास. मला आठवतं, स्ट्रॉबेरीचं होतं. चाळीस वर्षं वाट बघतेय मी की हा माणूस कोणाच्या नावानं तरी जळेल. आता जळलास तोही एका पत्र्याच्या बाईवरून."

"पत्रा नाही तो. मिश्रधातू आहे," डेन्झिल म्हणाला, आणि मेव्हिस इतकी हसली की वाटाणे जमिनीवर सांडले.

ऑगस्टच्या शेवटी चाचणी झाली. ग्लेनिस वर वैमानिकाच्या जागी, डेन्झिल खाली विमानासमोर, कानाला हेडफोन लावून. पंप सुरू झाला. मंडळी श्वास रोखून उभी. तेलाच्या दाबाचा काटा हजारावर गेला, दीड हजारावर गेला, दोन हजारावर टेकला. नाक होतं तिथेच होतं. डेन्झिलच्या छातीत असा गारवा पसरला की त्याला हसू दाबावं लागलं.

"काय दिसतंय?" हेडफोनमध्ये ग्लेनिसचा आवाज.

"काही नाही. सांगत होतो मी. सांधे धरलेत. म्हातारपण आहे ते."

ती खाली उतरून आली, हात पुसत. चेहरा पडलेला नव्हता, विचारात होता, आणि तेच डेन्झिलला आवडलं नाही. "सांधे धरले असते तर कुरकुरले असते. थोडं तरी हललं असतं. हे तसं नाही. काहीतरी धरून ठेवतंय तिला."

"तिची मर्जी."

"चार हजारांचा जोर सोसते ना ही? कामावर असताना?"

"सोसायची," डेन्झिल म्हणाला.

"मग सोहळ्याला पूर्ण चार हजार लावू. एक तर हलेल, नाही तर मी हरले."

सोहळा सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी होता. कॅप्टन ऑब्री सेल्विन येणार होते. हेच विमान त्यांनी अकरा वर्षं उडवलं होतं, आणि आता ते नव्वदीला टेकले होते. बार्टलेटनं गावभर पत्रकं लावली होती की त्या दिवशी नाक वाकवायचा प्रयत्न होणार.

चार हजारांचा जोर म्हणजे काय, हे हॅलोवेत फक्त डेन्झिलला ठाऊक होतं. खीळ पोलादाची, ती तुटायची नाही. तुटणार तो सांध्याचा कान, म्हणजे ज्या भोकात ती बसली होती ती पट्टी. तो एकदा फाटला की नाक वाकडं होऊन लटकणार, आणि तसा कान आता जगात कोणी घडवून देणार नाही. म्हणजे दोनच वाटा. खीळ गुपचूप काढावी, तर रविवारी नाक हलणार आणि जिंकणार ग्लेनिस. राहू द्यावी, तर नाक मोडणार, आणि बोल लागेल तोही ग्लेनिसलाच, नांगराची सील आणि दुग्धालयाचा पंप लावला म्हणून. दुसरी वाट त्यानं मनात इतक्या वेळा चालून पाहिली की ती त्याच्या चांगली ओळखीची झाली.

तरीही शुक्रवारी दुपारी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडमध्ये गेला. तिथे कोणी नसतं त्या वारी. शिडी लावली, दोन पायऱ्या चढला, आणि वरून आवाज आला. ग्लेनिस आत बसली होती आणि विमानाशी बोलत होती. वेल्श भाषेत. शब्द एकही कळत नव्हता, पण सूर कळत होता. अडलेल्या गाईच्या कानाशी बोलावं तसं हळू, लाडीगोडी लावत चाललं होतं. मध्येच ती हसली, जणू पलीकडून उत्तर आलं होतं. डेन्झिल बावीस वर्षं या विमानाशी बोलत आला होता, मनातल्या मनात, आणि त्याला कधी उत्तर आलं नव्हतं. डोक्यात रक्त चढलं. तो शिडीवरून उतरला, शिडी होती तिथे ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घालून घरी गेला.

रविवारी दोनशेच्या वर माणसं आली. कॅप्टन सेल्विनना चौघांनी धरून जिना चढवला आणि त्यांच्या जुन्या खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत ग्लेनिस. केस विंचरलेले, अंगावर निळा कोट. बार्टलेट माइकवरून तिचं कौतुक करत होता, "आपल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून" वगैरे, आणि लोक हसत होते. डेन्झिलचं नाव आलं ते सहाव्या क्रमांकावर, चहा देणाऱ्या बाईंच्या आधी. तो समोर आपल्या जागेवर उभा होता. त्याच्या जागेवरून मात्र कोणी त्याला हलवलं नव्हतं. बाहेरचा माणूस म्हणून तोच हवा, असं ग्लेनिसनंच सांगितलं होतं.

"डेन्झिल, समोर मोकळं आहे ना?"

त्यानं अंगठा उचलला.

पंप घुमू लागला. ग्लेनिस हेडफोनवर आकडे सांगत होती. "हजार. दोन हजार." कॅप्टन सेल्विन काचेतून खाली बघत होते. डेन्झिलला कळलं ते कशाची वाट बघताहेत. म्हाताऱ्याला दिवस कुठला ते आठवत नसेल, पण बाहेरच्या माणसाचे रिकामे हात त्याला दिसत होते, आणि त्याचा अंगठा काही वर येत नव्हता.

"अडीच. तीन हजार."

नाकाच्या सांध्यातून एक आवाज आला. बारीक, कट्ट, सुपारी फोडल्यासारखा. दोनशे माणसांत तो कोणाच्या कानावरही गेला नाही. डेन्झिलनं मात्र तो ऐकला. क्षणभर त्याला वाटलं, होऊ दे. आणि लगेच वाटलं, दुखत असेल तिला. पुढचं त्यानं ठरवलं नाही. त्याचे दोन्ही हात डोक्यावर जाऊन एकमेकांवर आडवे झाले. थांबा म्हणायची ती खूण.

पंप बंद पडला. "काय झालं?" ग्लेनिस म्हणाली. "डेन्झिल?"

तो शिडीकडे गेला. शिडी ओढून आणली, चढला, स्क्रूंवरचा रंग खरवडला. सोळा वर्षांचा रंग, लवकर निघेना. बार्टलेट माइकवर म्हणाला, "आमचे डेन्झिल शेवटची एक तपासणी..." आणि झाकण उघडलेलं पाहून मध्येच थांबला. खीळ जराशी वाकली होती. हातोडीचे सात घाव घालावे लागले. पत्र्याच्या शेडमध्ये एकेक घाव घुमत होता आणि मंडळीतले दहाही जण वर बघत होते. खोलीभर लोकांसमोर माणूस कपडे काढत नाही, पण ते याहून सोपं गेलं असतं.

खीळ निघाली. सांध्याचा कान त्यानं अंगठ्यानं चाचपला. तडा नव्हता. तो उतरला, विमानासमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खीळ डोक्यावर धरली.

लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे, काहींनी टाळ्या वाजवल्या. मंडळीतल्या कोणी वाजवल्या नाहीत. वर काचेमागे कॅप्टन सेल्विननी ती फीत नसलेली, वाकलेली खीळ बराच वेळ पाहिली. मग त्यांचा थरथरता अंगठा वर आला. त्यांच्या लेखी बाहेरच्या माणसानं आपलं काम केलं होतं.

ग्लेनिस खीळ बघत होती. मग डेन्झिलकडे बघू लागली.

"सोळा वर्षं?" हेडफोनमध्ये तिचा आवाज अगदी शांत होता.

"हो."

"मी तुला विचारलं होतं. जूनमध्ये. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"मी चार हजार लावणार होते, डेन्झिल. मोडली असती ती माझ्या हातानं."

"माहीत होतं मला."

"मंगळवारी तुझ्याशी बोलते," ती म्हणाली. "तुझ्याकडची शेडची किल्ली घेऊन ये. आता बाजूला हो."

तो बाजूला झाला. पंप पुन्हा घुमला. हजार झाले, दीड हजार झाले. डेन्झिल मनातल्या मनात विमानाला विनवत होता, आणि आपण काय विनवतोय हे कळून त्याचे कान तापले. अडखळ, असं तो म्हणत होता. थोडीशी तरी अडखळ. एकदा तरी दाखव की हात ओळखीचा नाही.

नाक अडखळलं नाही. आधी काचेवरचं आवरण सरकन खाली गेलं, मग सगळं लांबलचक नाक सुटलं आणि एका चालीत, न कुरकुरता, खाली वाकत आलं. त्याच्या काळात निम्म्यावर एक छोटा हिसका बसायचा. त्यानं किती वर्षं तो घालवायचा प्रयत्न केला होता. आता हिसका नव्हता. नांगराच्या सीलांनी तो घालवला होता. शेडमध्ये आरडाओरडा झाला, लोकांनी टोप्या उडवल्या, बार्टलेट रडत होता, आणि सगळ्यांचे चेहरे वरच्या काचेकडे लागलेले होते.

"पूर्ण आलं का?" ग्लेनिसनं विचारलं. आवाज घाईचा, जवळजवळ लहान मुलीसारखा. "इथून टोक दिसत नाही. खुर्चीतून काहीच दिसत नाही रे. डेन्झिल, सांग ना, कशी दिसतेय ती?"

ती वाकलेल्या मानेनं त्याच्या समोर होती, अगदी हाताच्या अंतरावर, सोळा वर्षांत दिसली नव्हती इतकी सुंदर. डेन्झिलनं ओठ उघडले.

"सांग ना!"

"थांब," तो म्हणाला. "जरा थांब." आणि हेडफोन कानावरून काढून तो एकटाच तिच्याकडे बघत राहिला.